हेलसिंकी ते टोकियो : अंतर नेमके कोण ठरवते?

नकाशावर दोन विमानतळ निवडले की संगणक क्षणात आकडा देतो. हेलसिंकी ते टोकियो, सुमारे ७,८०० किलोमीटर. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणला तर तो सैबेरियावरून जातो. आकडा भूमितीच्या दृष्टीने अचूक आहे; इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र त्यावर विसंबू नये.

कारण आकाशालाही सीमा असतात. १९४४ च्या शिकागो कराराचे पहिलेच कलम प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरील आकाशाचे संपूर्ण सार्वभौमत्व देते. शीतयुद्धात सोव्हिएत संघाने आपले आकाश पाश्चात्त्य विमानांना दीर्घकाळ बंद ठेवले आणि युरोप-जपान हा प्रवास दक्षिण आशियामार्गे, थांबत थांबत, सुमारे ५० तासांचा झाला.

फेब्रुवारी १९५७ मध्ये स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने यावर तोड काढली : कोपनहेगनहून उत्तर ध्रुवाच्या बाजूने अलास्कातील अँकरेज आणि तेथून टोकियो. वेळ सुमारे ३२ तासांवर आली. हे केवळ धाडस नव्हते. ध्रुवाजवळ रेखावृत्ते एकवटतात, त्यामुळे सरळ उडणाऱ्या विमानाचीही दिशा क्षणोक्षणी बदलते. शिवाय चुंबकीय ध्रुव जवळ आला की होकायंत्र भरवशाचे राहत नाही. म्हणून नकाशावर समांतर रेषांची कृत्रिम जाळी आखून, खास बनवलेल्या जायरोस्कोपच्या आधारे मार्ग राखावा लागे. एवढी बुद्धी खर्ची पडली ती निसर्गावर मात करण्यासाठी नव्हे, एका बंद दारामुळे, हे विसरता कामा नये.

ते दार किती घट्ट होते, हे १ सप्टेंबर १९८३ रोजी दिसले. अँकरेजहून सोलला निघालेले कोरियन एअरलाइन्सचे विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले. साखालीनजवळ लढाऊ विमानाने ते पाडले; २६९ जण मृत्युमुखी पडले.

त्याच वर्षी, एप्रिलमध्ये, फिनएअरने हेलसिंकी-टोकियो ही विनाथांबा सेवा ध्रुवमार्गे सुरू केली होती. जादा इंधनटाक्या बसवलेल्या डीसी-१० विमानाला सुमारे १३ तास लागत. पुढे सैबेरियाचे आकाश खुले झाले, प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास आला आणि आशियाचे युरोपातील जवळचे प्रवेशद्वार म्हणून हेलसिंकीची भरभराट झाली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले. रशियानेही तेच केले. मार्चमध्ये फिनएअरची विमाने पुन्हा ध्रुवाकडे वळली. प्रवासाचा वेळ? सुमारे १३ तास. विमान एअरबस ए-३५०, इंजिने चार दशकांनी नवी, आणि घड्याळ १९८३ चेच.

‘तंत्रज्ञानाने जग जवळ आणले’ हे पाठ्यपुस्तकी वाक्य म्हणूनच अर्धसत्य आहे. तंत्रज्ञान वेग देते. रस्ता परवानगी देते. भारतीय वाचकाला याचा प्रत्यय दूर शोधावा लागणार नाही : पाकिस्तानचे आकाश २०१९ मध्ये काही महिने आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून बंद झाल्यावर दिल्लीहून युरोपकडे जाणारी भारतीय विमाने वळसा घेऊ लागली.

बंदी सर्वांना सारखी नसते, हेही ध्यानात घ्यावे. फिनिश विमाने ध्रुवाला वळसा घालत असताना चिनी कंपन्यांची विमाने मात्र युरोपला सैबेरियावरूनच ये-जा करीत राहिली.