केबल ओढणारे आपण, रस्ता ठरवणारे दुसरेच!

मित्रांनो, आज पाट्या, ठराव, निवेदनं यांवर लिहीत नाही. आज नेटवर्कवर लिहितोय, आणि जरा कडू लिहितोय.

मी सुरतच्या डिंडोलीचा. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलो. सध्या कॉम्प्युटर सिस्टीम्स आणि नेटवर्किंगमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतोय. डिंडोली, उधना, लिंबायत म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेल्या माणसांच्या वस्त्या. आजोबा-वडील तापी लाईनच्या गाडीनं आले आणि लूमवर, मिलमध्ये बारा-बारा तासांच्या पाळीला उभे राहिले.

आता पोरं लूमवर जायला तयार नाहीत. बारावी झाली की 'हार्डवेअर-नेटवर्किंग'चा सहा महिन्यांचा कोर्स, 'शंभर टक्के नोकरी'चा बोर्ड बघून भरलेली फी, आणि मग शिडीवर चढून सीसीटीव्ही लावणं, फायबर जोडणं, राऊटर बसवणं. हे काम हलकं नाही, घामाचं आहे. माझा राग वेगळाच आहे. लूम गेला, केबल आली; मजुरी मात्र तीच राहिली. कापड कुणाच्या नावानं विकलं जातं हे आजोबांच्या हातात नव्हतं. डेटा कुठून कुठं जाईल हे आपल्या हातात नाही.

आणि पुढं शिकतो म्हटलं की घरात, ओट्यावर एकच प्रश्न : "इतलं शिकीसन काय करशी?"

उत्तर देतो. इंटरनेट हे एक जाळं नाही, हजारो स्वतंत्र जाळ्यांची ती मोट आहे. प्रत्येक जाळं आपल्या हद्दीवर उभं राहून शेजाऱ्याला सांगतं, "हे पत्ते माझ्याकडे आहेत, इकडून या." या बोलण्याच्या नियमांचं नावच बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल. म्हणजे तिथंही सीमाच! २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमनं आपल्या देशापुरतं यूट्यूब अडवायला एक रस्ता टाकला. तो चुकून बाहेर जाहीर झाला. ज्याचा पत्ता जास्त नेमका, त्याचा रस्ता धरायचा, हा नियम. जगभरचे राऊटर तो रस्ता धरून बसले आणि सुमारे दोन तास यूट्यूब जगालाच दिसेना. केबल कुठंही तुटली नव्हती! सहा महिन्यांच्या कोर्सात केबल शिकवतात. हा रस्ता कसा ठरतो, कसा चुकतो, चुकू नये म्हणून काय करायचं, हे खोलात जाऊन शिकायची जागा एमटेकला आहे.

"पण याचा मराठीशी काय संबंध?" आहे भाऊ. इंग्रजीतला एक एसएमएस १६० अक्षरांचा, देवनागरीतला ७० चा. आपला 'ॲ' घ्या. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. त्याआधी 'अ'वर चंद्र ठेवून काम भागवायचो, अजूनही कित्येक जण तसंच टाइप करतात. डोळ्याला दोन्ही सारखे, मशीनला मात्र वेगळे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं काळजी घेतली नसेल तर एका पद्धतीनं नोंदलेलं नाव दुसऱ्या पद्धतीनं शोधून सापडत नाही. असे निर्णय मोर्चानं बदलत नाहीत. तिथं बसून बोलणारा माणूस लागतो.

आता सीमेचं. बेळगाव, निपाणी, कारवारच्या दोस्तांनो, ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशनियमांत वेगळी तरतूद आहे. ती वापरा. आम्हा डिंडोलीकरांना ती नाही. आम्ही त्या यादीतले नाही. पण गेट परीक्षा तुमचं राज्य विचारत नाही. ६५ प्रश्न, १०० गुण, तीन तास. एनआयटीत बीटेकला निम्म्या जागा त्याच राज्यातल्या मुलांसाठी असतात, एमटेकच्या सामायिक प्रवेशाला तशी अट नाही. आयुष्यभर सीमेनं अडवलेल्या पोरांसाठी जिथं सीमाच नाही, त्याच दाराकडे आपण पाठ करून बसलोय!

पैसा? गेट पास होऊन मान्यताप्राप्त एमटेकला गेलात तर दरमहा १२,४०० रुपये शिष्यवृत्ती आहे. घर चालणार नाही, पण घरावर भार पडणार नाही. बीसीए झालंय? आधी एमसीए करा, मग वाट आहे. इंग्रजी? हो, पेपर इंग्रजीतच आहे, पुस्तकंही. पण राऊटिंग समजायला इंग्रजी लागत नाही, गणित आणि तर्क लागतो, आणि तो मराठी शाळेत शिकता येतो. अडतं ते वाचायला. म्हणून आधी मराठीत समजून घ्या, मग इंग्रजीत वाचा. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. "मराठीत शिकलास म्हणून मागं पडशील" म्हणणाऱ्यांना माझं सांगणं : मुलं मागं पडतात ती पुढची पायरी कुणी दाखवत नाही म्हणून.

आणि पायरी दाखवायचं काम कुणाचं? आपलंच. जयंतीला डीजे लावणाऱ्या मंडळांनो, एका रात्रीच्या खर्चात चार जुने कॉम्प्युटर आणि एक स्विच येतो. मंडळाच्या खोलीत मांडा, पोरांना नेटवर्क उभं करू द्या, बिघडवू द्या, पुन्हा उभं करू द्या. चळवळीतल्या वडीलधाऱ्यांनो, मराठी शाळा वाचवा म्हणताना त्या शाळेतून निघालेलं पोर एमटेकपर्यंत कसं पोचेल हेही मागणीपत्रात लिहा. आणि जे पोचलेत त्यांनी, माझ्यासकट, आठवड्यातून एक तास मागच्या पोरांना मराठीत शिकवायचं. ही मेहेरबानी नाही, देणं आहे.

शिडीवर चढायला आपण कधीच घाबरलो नाही. आता वरच्या मजल्यावर चला.

जय महाराष्ट्र!