शिकविणारीच्या शिक्षणाचा प्रश्न

महाराष्ट्रात आज एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत आणि सरकारी अहवालांतून त्यांचा उल्लेख मोठ्या अभिमानाने होत असतो. त्या अभिमानास आमची हरकत नाही. परंतु ज्या स्त्रियांच्या खांद्यांवर हा डोलारा उभा आहे, त्यांना आपले काम शिकण्याची, ते इतरांच्या कामाशी ताडून पाहण्याची आणि त्यात सुधारणा करण्याची संधी कितपत मिळते, हा प्रश्न त्या अहवालांत क्वचितच विचारला जातो. मुंबईतील सेविकेला शेजारच्या वस्तीत दुसरी सेविका भेटते. अडचण आली तर चार शब्द बोलता येतात. धडगावच्या डोंगरात, भामरागडच्या अरण्यात किंवा मेळघाटातील एखाद्या ढाण्यावर काम करणारी सेविका मात्र एकटी असते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संबंधच तुटतो. अशा ठिकाणी तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण जिच्या हाती आहे, तिच्या स्वतःच्या शिक्षणाचे काय, याचा विचार आता निकडीने व्हावयास हवा.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या पहिल्या प्रकल्पांत महाराष्ट्रातील दोन ठिकाणे होती : मुंबईची धारावी आणि मेळघाटातील धारणी. एक महानगराच्या पोटातील, दुसरे सातपुड्याच्या कुशीतील. या दोन ठिकाणच्या गरजा भिन्न असणार, हे त्या आरंभातच स्पष्ट होते. त्याहीपूर्वी, १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाच्या कार्यास आरंभ केला आणि अनुताई वाघ यांच्यासह ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढविले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. माँटेसरीची महागडी साधने परवडत नाहीत, म्हणून पाने, बिया, खडे आणि शिंपले यांतून साधने घडविली. हे कोणत्याही परिपत्रकातून आलेले नव्हते. रोज काम करावे, सायंकाळी त्याची चर्चा करावी, चुकले ते टाकावे आणि साधले ते दुसरीला सांगावे, या क्रमातून ते आले. बालसेविकांचे शिक्षण कसे असावे, याचा याहून चांगला धडा आम्हांस ठाऊक नाही.

आजची व्यवस्था याच्या नेमकी उलट आहे. ‘पोषण भी, पढाई भी’ हा कार्यक्रम केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये जाहीर केला. त्याचा हेतू स्तुत्य आहे. अंगणवाडी म्हणजे केवळ खिचडी शिजविण्याची जागा नव्हे, हे सरकारने उशिरा का होईना मान्य केले. परंतु त्याची रचना पाहा. प्रथम प्रकल्प अधिकारी आणि पर्यवेक्षिका यांना दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यावयाचे, आणि त्यांनी पुढे सेविकांना तीन दिवस शिकवावयाचे. वरच्या टाकीतून खालच्या टाकीत पाणी सोडावे, तसा हा ज्ञानाचा प्रवास आहे. प्रत्येक टप्प्यावर थोडे सांडते आणि शेवटच्या पाड्यापर्यंत ओल तेवढी पोहोचते. तीन दिवसांनंतर सेविका आपल्या गावी परतते आणि पुन्हा एकटी पडते. शंका आली तर विचारावे कोणास? एका पर्यवेक्षिकेकडे वीस-पंचवीस अंगणवाड्या. ती आली तरी तिचा वेळ नोंदी तपासण्यातच जातो.

वास्तविक २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात याहून बरी तरतूद आहे. बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा अभ्यासक्रम दूरशिक्षणाने द्यावा, आणि महिन्यातून निदान एकदा त्यांचा प्रत्यक्ष संपर्कवर्ग भरवावा, असे ते धोरण सांगते. यातील दूरशिक्षणाच्या भागाकडे सर्वांचे लक्ष जाते, कारण तो स्वस्त आहे. भ्रमणध्वनीवर चित्रफीत पाठविली की काम झाले, असे समजणारे अधिकारी कमी नाहीत. आमच्या मते त्या तरतुदीचा प्राण महिन्याच्या प्रत्यक्ष भेटीत आहे. चित्रफीत कृती दाखवू शकते. पण ती कृती आपल्या पाड्यावरील मुलांना का रुचली नाही, हे समजून घेण्यास समोर माणूस लागते, आणि ते माणूस तेच काम करणारे असावे लागते.

भाषेचेच उदाहरण घ्या. धारणीतील मूल घरी कोरकू बोलते, धडगावचे पावरी, भामरागडचे माडिया आणि जव्हारचे वारली. अंगणवाडीतील गाणी, चित्रे आणि तक्ते मात्र प्रमाण मराठीतील. या चारही ठिकाणच्या सेविकांपुढे एकच पेच आहे : मुलाला त्याच्या बोलीतून मराठीकडे कोणत्या वाटेने न्यावे? प्रत्येकीने आपापल्या परीने काही वाट शोधलेली असते. कोणी घरच्या गोष्टीपासून आरंभ करते, कोणी आजीलाच अंगणवाडीत बोलावून घेते. परंतु धारणीची वाट धडगावला कळत नाही आणि धडगावची भामरागडला. प्रत्येकीचे शहाणपण तिच्याबरोबर उगवते आणि ती निवृत्त झाली की तिच्याबरोबरच मावळते. समाजाच्या दृष्टीने ही फार मोठी नासाडी आहे. केवळ ती कोणत्याही खतावणीत दिसत नाही, एवढेच.

स्थलांतराचा प्रश्न तर याहून बिकट. दिवाळी उलटली की मोखाडा-जव्हारची कुटुंबे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलाचे नाव ‘पोषण ट्रॅकर’वर एका गावातून दुसऱ्या गावी हलविता येते. पण ते मूल किती बोलते, कशाला भिते, कोणत्या खेळात रमते, ही ओळख यंत्राबरोबर जात नाही. मोखाड्याची सेविका आणि भिवंडीची सेविका यांची वर्षातून एकदा जरी समोरासमोर गाठ पडली, तरी त्या मुलाचे सहा महिने वाया जाणार नाहीत.

कोणी म्हणेल की, सेविकांच्या बैठकांना तोटा नाही. महिन्याकाठी बैठक होतच असते. होते हे खरे. पण ती नोंदवह्यांची, आकड्यांची आणि राहिलेल्या अर्जांची बैठक असते. दुसरा आक्षेप खर्चाचा. दुर्गम भागातील सेविकेला बैठकीस येण्यासाठी दिवस मोडावा लागतो आणि गाडीभाड्यासाठी अनेकदा स्वतःच्या पदराला खार लावावा लागतो. हा खर्च सरकारला जड वाटत असेल, तर तो तुटपुंज्या मानधनावरील स्त्रीने सोसावा, हा न्याय कोठला? अंगणवाडी सेविकांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. या स्त्रिया हौसेखातर सेवा करणाऱ्या नव्हेत, हे त्या निर्णयाने स्पष्ट झाले. मग त्यांचे शिक्षण तरी सवडीचा विषय कसा राहू शकतो?

म्हणून आमची मागणी मोजकी आहे. दरमहा एक दिवस केवळ शिकण्यासाठी राखून ठेवावा आणि त्या दिवशी नोंदवही उघडू नये. प्रवासखर्च आणि दिवसभत्ता हातात पडावा. देयकांचे कागदी घोडे नाचविण्याची पाळी सेविकेवर येऊ नये. वर्गाचे नेतृत्व आळीपाळीने अनुभवी सेविकांकडे असावे आणि तेथे बोलीभाषेला मज्जाव नसावा. मेळघाट, सातपुडा, जव्हार-मोखाडा आणि गडचिरोली येथील सेविकांनी वर्षातून एकदा एकमेकींच्या अंगणवाड्या पाहाव्यात, आणि जमलेले अनुभव छापून सर्वत्र पाठवावेत. नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ पासून दूरशिक्षणाचे कार्य करीत आहे. या शिक्षणाचे प्रमाणपत्र त्याच्याकडून मिळावे. पर्यवेक्षिकांची निम्मी पदे सेविकांमधून बढतीने भरावीत, असे केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्या बढतीत या प्रमाणपत्रास वजन असावे.

यात अशक्यप्राय असे काहीच नाही. नवी कचेरी नको की नवे खाते नको. जी बैठक आज होते तिचा हेतू बदलावयाचा आहे, आणि जी स्त्री आज केवळ ऐकते तिला बोलते करावयाचे आहे. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. महाराष्ट्राच्या दुर्गम पाड्यांवर पाणी आहे. आड मात्र एकमेकांपासून दूर दूर खणलेले आहेत. त्यांना जोडणारे पाट काढणे हे सरकारचे काम आहे, आणि येत्या अर्थसंकल्पात त्याचा आरंभ झाला नाही, तर एक लाख अंगणवाड्यांचा अभिमान बाळगण्याचा अधिकार राज्यकर्त्यांना राहणार नाही.