कानातली तार कोणाच्या हाती?

मोटारसायकलस्वाराच्या हेल्मेटमध्ये हेडसेट बसवावा, तो मोबाइलला जोडावा, मोबाइलमधील जीपीएसने वाट सांगावी आणि स्वाराने हॅण्डल न सोडता ती ऐकावी, ही योजना निरुपद्रवी, किंबहुना उपकारक आहे. अनोळखी वस्तीत घर शोधताना रस्त्यावरची नजर पडद्याकडे वळविण्यापेक्षा कानात आलेली सूचना केव्हाही बरी. यंत्राला शिव्याशाप देणे हे समाजवाद्याचे काम नव्हे. आमचा प्रश्न वेगळा आहे : या तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण बसला आहे? आता ब्लूटूथमुळे तार दिसेनाशी झाली, पण बंधन तुटलेले नाही.

लोणारचे सरोवर पाहायला निघालेल्या हौशी प्रवाशाला हे साधन सोय म्हणून हवे असते. कंटाळा आला की तो ते बंद करतो. खामगाव, मलकापूर, चिखली येथे पार्सले पोचविणाऱ्या तरुणाला ती मुभा नाही. मोटारसायकल त्याची, पेट्रोल त्याचे, मोबाइल त्याचा, हेडसेटही त्यानेच घेतलेला. हुकूम मात्र दुसऱ्याचा! बुलढाणा शहर घाटावर वसलेले, आणि रेल्वे जाते ती खाली मलकापूर, नांदुरा, शेगावच्या अंगाने. वर यायचे तर मलकापूरकडून राजूर घाट आणि खामगावकडून ज्ञानगंगेच्या जंगलातला बोथ्याचा रस्ता. मेहकर-सिंदखेडराजावरून नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग गेला खरा, पण त्यावर दुचाकीला प्रवेशच नाही! समृद्धी मोटारवाल्यांची, पोटासाठी दोन चाकांवर फिरणाऱ्याच्या वाट्याला जुनी वळणेच. आणि नेमक्या त्या वळणांवर कानात घंटा वाजते : "कुठवर आलास?"

या जोडणीतली एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. फोन आला की बहुतेक वेळा वाट सांगणारा आवाज दबतो आणि बोलावणाऱ्याचा आवाज वर येतो. स्वाराला उपयोगी पडणारे ते मागे आणि स्वाराकडून काम करवून घेणारे ते पुढे, असा हा क्रम आहे. व्यवस्थेचा स्वभाव कळायला आणखी कोणता पुरावा हवा?

जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून केवळ संकेत पाठवितात. खाली कोण ऐकतो आहे, हे त्यांना ठाऊकही नसते. स्वार कोठे आहे, कोठे थांबला, किती वेळ थांबला, ही बातमी कंपनीला देतो तो त्याच्याच खिशातला मोबाइल. अमेरिकन करदात्यांच्या पैशातून ती व्यवस्था उभी राहिली. आपल्याकडेही २०१३ पासून अशाच उपग्रहांची मालिका सरकारी खर्चाने सोडण्यात आली. विज्ञान सार्वजनिक, खर्च सार्वजनिक. पाळत आणि नफा मात्र खासगी!

"हात मोकळे आहेत, मग धोका कसला?" असे विचारले जाते. टोरांटो येथील दोन संशोधकांनी १९९७ साली मोटारचालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनने तो कमी झाल्याचे दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. गुंततो तो हात नव्हे, मन. चार चाकांवर ही गत, तर दोन चाकांवर काय होत असेल? २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली; त्यांत शंभरांमागे चव्वेचाळीस दुचाकीवरची होती.

कायदा काय करतो? २०१९ च्या दुरुस्तीने वाहन चालविताना मोबाइल हाती धरणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हा ठरला. २०२० च्या नियमाने वाट पाहण्यापुरती सवलत दिली. याच कायद्याचे कलम १८८ असे सांगते की, कलम १८४ च्या गुन्ह्याला अपप्रेरणा देणाराही त्याच शिक्षेस पात्र आहे. पण चौकात पावती फाडली जाते ती स्वाराची. धावत्या गाडीवर फोन उचलायला लावणाऱ्या कार्यालयाच्या दारात शिपाई कधी जाणार?

कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे : हे नोकर नाहीत, "भागीदार" आहेत. भागीदाराला नफ्यात वाटा असतो, हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क असतो. येथे वाटा आहे तो फक्त पेट्रोलच्या खर्चात आणि हाडे मोडण्यात! क्षणाक्षणाला कानात ज्याचा हुकूम येतो तो मालक, ही साधी व्याख्या आहे.

एकच मालक दाखविता येत नाही, ही अडचणही नवी नाही. बाजारातल्या हमालाबद्दल व्यापारी हेच म्हणत होते. लढ्यातून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला : कामगाराची मंडळाकडे नोंद, आणि जो काम देईल त्याने मजुरीबरोबर लेव्हीही भरायची. त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी मिळाला, वैद्यकीय मदत मिळाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने, जी नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली, अशा कंपन्यांवर वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणीची तरतूद केली आहे. पण ही कल्याणाची वर्गणी आहे, मालकपणाची कबुली नव्हे. माथाडी कायद्याने दाखविलेली वाट याहून पुढची आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. चाक फिरत असताना कंपनीचा फोन येणार नाही, आणि तो न उचलल्याबद्दल कोणाचेही काम वा कमाई कापली जाणार नाही. हेल्मेट, हेडसेट आणि मोबाइल यांचा खर्च काम देणाऱ्याने सोसावा. कामावरचा अपघात हा कामगाराचा अपघात मानून भरपाई द्यावी. जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत कार्यकर्त्यांनी पार्सलांच्या गोदामांपुढे सकाळी उभे राहून या तरुणांच्या याद्या कराव्यात, त्यांची बैठक बोलवावी. एकेकटा स्वार कानातला आवाज बंद करू शकत नाही. केला तर काम जाते. शंभरांनी मिळून केला तर तो आवाज विनंतीच्या सुरात बोलू लागेल.