आडनावातला 'कर'

परवा सातिवली नाक्यावर रिक्षासाठी थांबलो होतो. शेजारच्या काकांनी आडनाव विचारलं. सांगितलं, तर लगेच, "म्हणजे तुम्ही इथले नाही!"

खटकलं राव. जन्म इथलाच माझा! पण विचार केला तर काका अर्धे बरोबर होते. 'कर' लागतो तो गाव सोडल्यावरच. किहीममध्ये सगळेच किहीमचे, तिथे कोण कोणाला केहीमकर म्हणणार? रायगडातल्या बेने इस्रायली ज्यूंची आडनावं बघा, केहीमकर, रोहेकर, पेणकर. १९४८ नंतर त्यातले बरेच जण ही गावं आडनावात बांधून थेट इस्रायलला गेले!

ऑफिसातल्या पोलिश मित्राच्या आडनावात 'स्की' आहे. म्हटलं, हा तर आपलाच 'कर'! पण तार्नुवचा तार्नोव्स्की हा तिथला जहागीरदार. त्याचं आडनाव म्हणतं 'हे गाव माझं'. (पुढे इतरांनीही 'स्की' लावलं म्हणा.) आपला 'कर' म्हणतो, 'मी तिथून निघालो'.

मग आडनावावरून मूळचा-उपरा ठरवायचं कसं? वसईतून पोर्तुगीज १७३९ साली गेले. इथले लोपीस, डिसोझा मात्र पिढ्यानपिढ्या इथेच, अस्सल वसईचे!

असो. काकांनाही आडनाव विचारलं. निघाले तेही 'कर'च! तेवढ्यात रिक्षा आली.