दुर्मिळ मृदा धातू : वाळू आपली, चावी चीनची

विजेवरची दुचाकी आता खेड्यापाड्यांतही दिसू लागली आहे. तिच्या मोटरीत लहान पण भारी ताकदीचे चुंबक असते. निओडिमियम हा धातू लोखंड व बोरॉनमध्ये मिसळून ते करतात. मोटर तापली तरी चुंबकाची ताकद टिकावी म्हणून डिस्प्रोसियम किंवा टर्बियम थोडेसे घालतात. हे सारे 17 ‘दुर्मिळ मृदा’ धातूंच्या कुळातले. काही सौरपंपांत आणि मोठ्या पवनचक्क्यांतही असेच चुंबक असते. सौर पॅनेलला मात्र ते लागत नाही.

नाव दुर्मिळ असले तरी हे धातू जमिनीत बऱ्याच ठिकाणी आहेत. पण थोडेथोडे विखुरलेले, आणि गुणाने इतके सारखे की एकमेकांपासून वेगळे करणे मोठे जिकिरीचे. चीनने हे काम वर्षानुवर्षे नेटाने केले. आज जगातले सुमारे 90 टक्के शुद्धीकरण तिथेच होते. एप्रिल 2025 मध्ये चीनने असे सात धातू व त्यांची चुंबके यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. आपल्या कारखान्यांची धावपळ उडाली. ऑगस्टमध्ये विजेवरच्या गाड्यांचे उत्पादन बंद पडू शकते, असा इशारा बजाज ऑटोने जुलैत दिला होता.

मग आपल्याकडे माल नाही का? आहे. केरळ, तामिळनाडू, ओडिशाच्या किनारी वाळूत मोनाझाइट सापडते. त्यात किरणोत्सारी थोरियम असल्याने हे काम सरकारने आपल्या हाती ठेवले आहे. कमी पडले ते वाळूपासून चुंबकापर्यंतचे कारखाने. त्यासाठी नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने 7,280 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. उद्दिष्ट वर्षाला 6,000 टन चुंबकांचे. तरी एक अडचण उरतेच. आपल्या वाळूत निओडिमियम मिळते, डिस्प्रोसियम व टर्बियम फारच कमी.

हे दोन धातू मुख्यतः दक्षिण चीन आणि म्यानमारच्या कचिन राज्यातल्या डोंगरमातीतून येतात. ते कसे काढतात, हे शेतकऱ्याला लगेच कळेल. डोंगराला भोके पाडून आत अमोनियम सल्फेटचे पाणी सोडतात. होय, आपण पिकाला टाकतो तेच खत! शेतातल्यासारखाच तिथेही चिकणमातीचा कण अमोनियम धरतो, आणि बदल्यात स्वतःला चिकटलेला धातू सोडतो. ते पाणी खाली कुंडात धरतात. कुंडात येत नाही ते ओढ्या-नाल्यांत उतरते. त्या भागात पाणी नासले, डोंगर खचले.

म्हणून चुंबके देशात व्हावीत हे जितके खरे, तितकेच खाणीजवळच्या गावाने जागे राहणेही गरजेचे. अणुखनिजे व महत्त्वाच्या खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट देणारा आदेश केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने सप्टेंबर 2025 मध्ये काढला. तेव्हा सरपंच, ग्रामसेवकांनो, परिसरात अशा खनिजाचा शोध सुरू झाल्याचे कळले, तर सुनावणीची वाट बघत बसू नका. काम सुरू होण्याआधीच विहिरी, ओढे आणि शेतमातीचे नमुने प्रयोगशाळेतून तपासून घ्या. अहवाल तारखेसह पंचायतीच्या दप्तरी ठेवा, ग्रामसभेत वाचून दाखवा. आधी पाणी कसे होते याचा कागद हाती नसेल, तर नंतरच्या तक्रारीत जोर राहत नाही.