कुंडीतला अनोळखी निवडुंग
भाडेकरू सोडून गेलेल्या कुंडीत सुरकुतलेला काटेरी खांब दिसला की लोक आधी तांब्याभर पाणी ओततात, आणि तिथेच झाड जातं. त्याला तहानेपेक्षा कुजण्याचं भय मोठं. आधी ते कुंडीतून काढा, घट्ट झालेली माती झाडा आणि मुळं बघा. टणक असतील ती ठेवा. काळी, मऊ, वास मारणारी स्वच्छ सुरीने कापा. मुळांच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण लपलेला असतो, तोही ब्रशने काढा. मग चार-पाच दिवस झाड सावलीत उघडंच ठेवून जखमा सुकू द्या. नवी कुंडी मातीची, मुळांपेक्षा जेमतेम मोठी. भरायला निम्मी जाड वाळू. पाणी आठवड्यानंतर. कापतानाच ओळखही पटू लागते. खांबातून पांढरा दाट चीक भळभळला तर बहुधा युफोर्बिया, आपल्या त्रिधारी निवडुंगाचा भाऊबंद. हा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, म्हणून हातमोजे घालाच. काटे मात्र लवदार, गादीसारख्या ठिपक्यांतून झुबक्याने उगवत असतील तर तो कॅक्टस, मूळचा अमेरिका खंडांतला. रोपवाटिकांत दोघे एकाच नावाने विकले जातात याचं मला खरंच वाईट वाटतं. आफ्रिकेतल्या युफोर्बियाने आणि अमेरिकेतल्या कॅक्टसने एकमेकांशी जवळचं नातं नसताना, आपापल्या दुष्काळाशी झुंजत हे सारखं रूप कमावलं आहे. कुंडीवर दोघांची नावं वेगळी लिहायलाच हवीत.