बंडाचा बाजारभाव

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील साउथ शील्ड्स हे कोळशाचे आणि गोदीचे गाव. तेथे १९७७ साली ‘एंजेलिक अपस्टार्ट्स’ हा पंक वाद्यवृंद उभा राहिला. त्याचा गायक मेन्सी वेस्टो खाणीतला उमेदवार कामगार. या पोरांनी पहिली तबकडी काढली ती लिडल टॉवर्स या वीजकामगाराच्या मृत्यूवर. पोलिसांनी अटक केल्यानंतर १९७६ साली तो मरण पावला होता. पहिल्या चौकशीचा निर्णय ‘समर्थनीय मनुष्यवध’ असा. तो रद्द झाल्यावर दुसरीने ‘दुर्घटना’ ठरविली. गाण्याच्या शीर्षकात मात्र सरळ ‘खून’ असा शब्द होता.

पुढे वॉर्नर या बड्या कंपनीने त्यांना उचलले. १९७९ चा ‘टीनेज वॉर्निंग’ खपलाही. भांडवलाला पोलिसविरोधाचे वावडे नसते. खपेल ते ते विकते.

खरा घाव बसला तो वेगळ्याच बाजूने. जुलै १९८१ मध्ये साउथॉलला ‘ऑय’ पंथाच्या दुसऱ्याच वाद्यवृंदांचा कार्यक्रम होता. वस्तीत शिरलेल्या स्किनहेडांविरुद्ध आशियाई तरुण उठले आणि ते मद्यगृह जळाले. त्या तरुणांचा संताप रास्तच होता. दोनच वर्षांपूर्वी तेथेच नॅशनल फ्रंटविरोधी निदर्शनात ब्लेअर पीच यांचा बळी गेला होता. परंतु वृत्तपत्रांनी साऱ्या ‘ऑय’ मंडळींना वंशवादी ठरविले. ज्यांच्या कार्यक्रमांवर फ्रंटचेच गुंड चालून येत, ते अपस्टार्ट्सही त्यात भरडले गेले. सुशिक्षित डाव्यांनीही फारशी चौकशी केली नाही. मुंडण केलेले डोके आणि गावंढळ उच्चार त्यांना पुरेसे वाटले असावेत!

वेस्टोची खाण १९९३ साली बंद पडली. मेन्सी २०२१ साली कोविडने गेला.